लोक हलत का नाहीत? शॉर्टफिल्मच्या एडिटमधला नेहमीचा बिघाड

तक्रार दरवेळी जवळपास त्याच शब्दांत येते. “टाइमलाइनवर (म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये शॉट्स जोडतो त्या पट्टीवर) मस्त वाटत होतं, पण दाखवली तेव्हा काहीच झालं नाही.” रडायच्या जागी कुणाचा डोळा ओला झाला नाही, हसायच्या जागी एक जण खोकला, आणि ज्या शॉटवर सगळ्यांनी श्वास रोखायचा होता तिथे मागच्या रांगेत मोबाइलचा उजेड पडला. मग विद्यार्थी घरी जाऊन एकच उपाय करतात. सगळं आणखी तोकडं करतात. बारा मिनिटांची फिल्म नऊवर येते आणि पुन्हा तेच होतं, फक्त तीन मिनिटं लवकर.

मी संकलन करते आणि अधूनमधून विद्यार्थ्यांच्या फिल्म्स दुरुस्तीला घेऊन बसते. इतक्या फिल्म्स उलगडून बसवल्यावर आता मी सगळ्यात आधी एकच गोष्ट तपासते. प्रेक्षक जिथे सुटतो तिथे बिघाड नसतो, तो अर्धा मिनिट आधी असतो, कधी दोन मिनिटं. छत टपकतं तिथेच भेग असते असं थोडंच आहे? पाणी कुठून तरी वाहत आलेलं असतं. टपकतंय त्या जागी गिलावा मारत बसलात तर गिलावा तेवढा जाड होतो.

आधी जागा पकडा

“आवडली का?” असं विचारू नका. मित्र “भारी” म्हणतात, घरचे “छान केलंस” म्हणतात, आणि दोन्हीचा एडिटला काडीचा उपयोग नाही. स्क्रिप्ट न वाचलेली, शूटिंगला न आलेली पाच-सात माणसं बसवा. तुम्ही पडद्याकडे पाठ करून, त्यांचे चेहरे दिसतील असे एका बाजूला बसा. फिल्म तुम्हाला पाठ आहे, ती बघायची गरज नाही.

त्यांना विचारून समोरून मोबाइलवर रेकॉर्डिंग लावा. फिल्मचा आवाज त्यात आलेला असतोच, त्यावरून ते रेकॉर्डिंग टाइमलाइनवर जुळवा, वरच्या ट्रॅकवर टाका, आकार पाव करून कोपऱ्यात ठेवा. आता फिल्म आणि प्रेक्षक शेजारी शेजारी चालतात. कोण कुठे सरकून बसलं, कुणाची मान वळली, कुणी घड्याळ बघितलं, तिथे मार्कर टाकत जा. एकट्याच माणसाने जांभई दिली तर तो त्याचा प्रश्न, रात्री झोपला नसेल. तिघांनी एकाच जागी हालचाल केली की तो तुमचा प्रश्न. २००९ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की एकच गोष्ट बघणारी माणसं पापण्यासुद्धा बऱ्याचदा एकाच वेळी मिटतात, आणि जिथे महत्त्वाचं काही चुकणार नाही असं वाटतं तिथेच मिटतात. म्हणजे लक्ष हवेत सुटत नाही, सुटण्याला एक ठिकाण असतं.

फिल्म संपल्यावर फक्त दोन गोष्टी विचारा: “गोष्ट सांगा” आणि “या माणसाला काय हवं होतं?” उत्तर देताना समोरचा जिथे अडखळतो, “म्हणजे, मला वाटतं...” म्हणतो, ती जागा लिहून ठेवा. लोकांनी सुचवलेले उपाय मात्र फारसे मनावर घेऊ नका. दुखतंय कुठे हे पेशंटला बरोबर कळतं, औषध कोणतं ते कळेलच असं नाही.

आता प्रत्येक मार्करपासून मागे जायचं. वीस सेकंद, चाळीस सेकंद, एक सीन.

भावुक जागी लोक कोरडे राहतात

सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच, म्हणून इथे जरा थांबते.

दहा-अकरा मिनिटांची एक फिल्म आली होती. मुलाने कॉलेज सोडून चार महिने झालेत आणि घरात कुणाला ठाऊक नाही. रात्रीचं जेवण चाललंय. वडील विचारतात, “अभ्यास कसा चाललाय?” मुलगा म्हणतो, “बरा.” जेवण संपता संपता वडील पुढच्या वर्षाच्या फीचं पाकीट टेबलावरून पुढे सरकवतात. मुलगा ते उचलून खोलीत जातो. मग वडील एकटे, कपाट उघडतात, आतून कॉलेजचं पत्र काढतात. मुलगा चार महिने गैरहजर असल्याचं ते पत्र. वडिलांचा क्लोजअप, डोळ्यांत पाणी, पियानो.

दिग्दर्शकाला, म्हणजे त्या विद्यार्थ्याला, खात्री होती की पत्र दिसलं की हॉल गलबलून जाईल. झालं असं की पत्र दिसल्यावर सगळ्यांच्या कपाळावर आठ्या आल्या. रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट दिसत होतं, लोक हिशेब करत होते. पत्र कधी आलं? म्हणजे यांना माहीत होतं? मग पैसे का दिले? हा हिशेब संपेपर्यंत क्लोजअप आणि पियानो दोन्ही उरकले होते. डोकं कामात असताना गळा दाटून येत नाही.

“ताई, ट्विस्ट होता तो,” दिग्दर्शक विद्यार्थी म्हणाला. ट्विस्ट होता हे खरंच. पण त्या ट्विस्टपायी जेवणाचा पूर्ण सीन, तीन मिनिटं, लोकांनी काहीही धाकधूक न वाटता बघितला होता. एक बाप, एक मुलगा, भात-आमटी. मोबाइलचा उजेड तिथेच पडला होता.

थरारपटांचा दिग्दर्शक हिचकॉक याने फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत याचंच उदाहरण आहे. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला ठाऊक नसेल तर स्फोट झाल्यावर पंधरा सेकंदांचा धक्का मिळतो. आधीच दाखवलात तर तेच रटाळ संभाषण पंधरा मिनिटं जीव टांगणीला लावतं. हा सल्ला थरारपटांपुरता आहे असं विद्यार्थ्यांना वाटतं. घरगुती गोष्टीत तो जास्त लागू पडतो, कारण तिथे टेबलाखाली दुसरं काही नसतंच.

आम्ही पत्राचा शॉट उचलून जेवणाच्या आधी नेला. तोही पूर्ण नाही. वडील पत्र वाचतात, घडी घालतात, खिशात ठेवतात, एवढाच तुकडा, साडेचार सेकंद. डोळ्यांतलं पाणी दिसायच्या आत कट. त्यानंतर आधीचाच जेवणाचा सीन, तेच शॉट, तीच वाक्यं. पण आता “अभ्यास कसा चाललाय?” या साध्या प्रश्नावर प्रेक्षकांतल्या एका बाईंनी हाताची घडी घट्ट केली. वडील विचारतायत तेव्हा आपल्याला माहीत आहे की त्यांना माहीत आहे, आणि मुलाला ते माहीत नाही. “बरा” या उत्तरानंतर वडिलांचा एक सरळ, काहीही न करणारा मिड शॉट होता. पहिल्या कटमध्ये, म्हणजे फिल्मच्या पहिल्या आवृत्तीत, तो फक्त दीड सेकंद ठेवला होता, कारण “त्यात काही घडत नाही”. आम्ही तो साडेतीन सेकंद ठेवला. पाकीट सरकलं तेव्हा हॉलमध्ये चमचा पडला असता तरी ऐकू आला असता.

रडण्याचा क्लोजअप आणि पियानो काढून टाकले. नटाने तो शॉट फार मन लावून दिला होता, म्हणून विद्यार्थ्याला तो काढवेना. मी म्हटलं, ठेव बाजूला एका बिनमध्ये (सॉफ्टवेअरमधल्या फोल्डरमध्ये), फेकू नकोस. पुढच्या दोन कट्समध्ये त्याने तो परत मागितला नाही.

एक गंमत सांगते. पत्राच्या शॉटमध्ये वडिलांच्या डोळ्यांवर चष्मा होता, जेवताना नव्हता. शॉट जागचा हलवल्यामुळे हे दोन्ही आता लागोपाठ आले. विद्यार्थी दोन रात्री त्यावर बेचैन होता. वीसेक जणांना दाखवली तरी एकालाही दिसलं नाही. वॉल्टर मर्च या संकलकाने कट कशासाठी करावा याची जी उतरंड मांडली आहे तिच्यात भावनेला ५१ टक्के दिले आहेत, कथेला २३, लयीला १०, आणि पडद्यावरच्या जागेच्या त्रिमितीय सातत्याला, म्हणजे कोण कुठे आहे याला, जे फिल्म स्कूलमध्ये आपल्याला सगळ्यात आधी शिकवतात, सगळ्यात शेवटी फक्त ४. आकडे अर्थातच गमतीशीर काटेकोर आहेत. पण क्रम बरोबर आहे, आणि भांडण झालं तर वरच्यासाठी खालचं सोडायचं, हे त्यातलं खरं शहाणपण.

भावुक जागेचं आणखी एक कारण वरचेवर सापडतं: “नट लाकडासारखा आहे.” असतो कधीकधी. पण आधी कुलेशोव्हची आठवण काढा. शंभरेक वर्षांपूर्वी या रशियन दिग्दर्शकाने मोझ्झुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा कधी सूपच्या वाडग्याशेजारी, कधी शवपेटीशेजारी जोडला, आणि बघणाऱ्यांना त्यात कधी भूक, कधी शोक दिसला. हा किस्सा वर्गात सगळे ऐकतात, पण दुरुस्तीसाठी वापरत कुणी नाही. चेहरा कोरडा वाटतोय ना? चेहऱ्याला हात लावू नका, त्याच्या आधीचा शॉट बदला. तो माणूस नेमकं काय बघतोय, ते पुरेसा वेळ दाखवलंय का? बहुतेक वेळा नसतं. आणि तेवढ्याने भागलं नाही तर रशेसमध्ये, म्हणजे शूट केलेल्या कच्च्या फुटेजमध्ये, “ॲक्शन”च्या आधीचे आणि “कट”च्या नंतरचे तुकडे बघा. नट तिथे अभिनय करत नसतो, नुसता ऐकत किंवा वाट बघत असतो. माझ्या हातून गेलेल्या फिल्म्समधल्या बऱ्याच उत्तम रिॲक्शन्स अशा उष्ट्या फुटेजमधून आलेल्या आहेत. एका मुलीचा अतिशय व्याकूळ वाटणारा क्लोजअप म्हणजे प्रत्यक्षात ती कॅमेरामनला “झालं का?” विचारायच्या बेतात होती.

विनोद पडतो

इथे हिशेब सेकंदांचा नाही, फ्रेम्सचा आहे. २४ फ्रेम्सचा एक सेकंद, आणि सहा-आठ फ्रेम्सनी हसू येतं किंवा जातं.

पहिलं बघा: ज्या शब्दावर विनोद फुटतो, त्याच शब्दावर कट आहे का? असेल तर तो सरकवा. कटच्या क्षणी डोळा नव्या चित्रात जागा शोधत असतो, कान तेवढ्यापुरता मागे पडतो. शब्द पूर्ण पडू द्या, मग कट. दुसरं, ज्या वस्तूवर विनोद उभा आहे ती लोकांनी आधी बघितली का? दिसण्यात आणि बघण्यात फरक आहे. फ्रेमच्या कोपऱ्यात असलेली उघडी बरणी तुम्हाला दिसते, कारण ती तुम्हीच ठेवली. प्रेक्षक त्या वेळी बोलणाऱ्याचं तोंड बघत होता.

तिसरं कारण तुमच्या खुर्चीतलं. विनोद शंभराव्यांदा ऐकताना तो तुमच्यासाठी मेलेला असतो, मग त्याच्याआधीची शांतता लांबलचक वाटते आणि प्रत्येक कटमध्ये तुम्ही दोन-दोन फ्रेम्स खात जाता. जुने व्हर्जन उघडून त्याच जागेचा पॉज मोजा. एकदा असं मोजलं तेव्हा पहिल्या रफ कटमध्ये, म्हणजे कच्च्या जोडणीत, २२ फ्रेम्स होत्या, सातव्यात ९ उरल्या होत्या. हसू पहिल्या रफ कटला आलं होतं.

हसू आल्यावर पुढचं वाक्य त्यात बुडतं, ही बाकी चांगली अडचण. त्यासाठी काळी पोकळी सोडू नका, कारण एकट्याने मोबाइलवर बघणाऱ्याला ती पोकळी टोचते. तिथे बोलणं नसलेलं काहीतरी ठेवा: कुणाचा तरी चेहरा, दार लावणं, पाणी ओतणं.

नको तिथे हसतात

गंभीर क्षणी हशा पिकला तर विद्यार्थी खचतात. बहुतेक वेळा कारण अगदी यांत्रिक असतं. नटाचं काम संपलंय आणि शॉट चालूच आहे, त्यामुळे तो चेहऱ्याने “आता काय करू?” म्हणताना दिसतो. किंवा एका क्लोजअपवरून त्याच माणसाच्या जवळपास तशाच क्लोजअपवर कट आहे आणि डोकं टुणकन उडी मारतं. किंवा स्लो मोशन आणि व्हायोलिन एकत्र आलेत. शॉट आठ-दहा फ्रेम्स आधी सोडा, कोनात निदान तीस अंशांचा फरक नसेल तर मधे दुसरं काही घाला, स्लो मोशन काढा. फ्रेंच दिग्दर्शक गोदारने १९६० मध्ये ‘ब्रेथलेस’मध्ये अशा उड्या मुद्दाम मारून दाखवल्या हे खरं, पण तिथे पूर्ण फिल्मच तशी श्वास घेते. तुमच्या फिल्ममध्ये एकच उडी असेल तर ती शैली म्हणून कुणी बघणार नाही, चूक म्हणूनच बघतील.

एक अपवाद आहे. भीतीच्या किंवा अवघडलेपणाच्या जागी लोक दबलं, नाकातून हसतात. तो ताण सुटण्याचा आवाज आहे. त्याला हात लावू नका.

“स्लो आहे”

हे वाक्य ऐकलं की हात आपोआप शॉट्स कापायला जातो. आवरा. “स्लो” म्हणजे बहुधा “मला पुढे काय होणार याची उत्सुकता नाही”. ज्याला उत्सुकता आहे तो रिकाम्या जिन्याकडे वीस सेकंद बघत राहतो. सोव्हिएत दिग्दर्शक आयझेनस्टाइनने १९२५ मध्ये ‘बॅटलशिप पोटेमकिन’मध्ये ओडेसाच्या पायऱ्यांवरचा गोळीबार प्रत्यक्ष लागेल त्याहून कितीतरी लांबवला, माणसं पुन्हा पुन्हा त्याच पायऱ्या उतरताना दिसतात. तो सीन संथ आहे असं म्हणणारा मला अजून भेटायचाय.

तेव्हा आधी हे तपासा: मार्करच्या जागी प्रेक्षकाच्या मनात कोणता प्रश्न उघडा आहे? एका वाक्यात लिहिता आला नाही तर तिथे कितीही कापलंत तरी उपयोग नाही. मागच्या सीनमध्ये प्रश्नाचं उत्तर फार लवकर दिलं गेलंय का, तेही बघा. शेवटची दोन वाक्यं उडवली की बऱ्याचदा प्रश्न उघडा राहतो. मी तर सवयीने प्रत्येक सीनचं पहिलं आणि शेवटचं वाक्य तात्पुरतं बंद करून फिल्म बघते. “ये, बस” आणि “बरं, येतो मी” यांच्यामधला भागच बहुतेक सीन असतो. चालत येणं, गाडी लावणं, कुलूप उघडणं, फोन उचलून “हॅलो” म्हणणं, हे सगळं त्यातच जातं.

दुसरा तपास कागदावर. एखाद्या सीनच्या सगळ्या शॉट्सची लांबी एकाखाली एक लिहा. २.८, ३.१, २.६, ३.०, २.९ असं दिसलं तर रोग सापडला. शॉट छोटे असूनही कंटाळा येतो, कारण सगळे सारखे आहेत. छतावरचा पंखा कितीही जोरात फिरला तरी त्याच्याकडे कोण बघतं? त्यातले तीन शॉट जोडून एक आठ सेकंदांचा करा आणि त्यानंतर एकच, एका सेकंदाचा. एकूण वेळ वाढली तरी लोक “आता फास्ट झाली” म्हणतील. हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता आधीच हसू येतं.

आणि लॅपटॉपवर लय ठरवू नका. तेरा इंची पडद्यावर डोळा न हलता सगळं टिपतो, मोठ्या पडद्यावर त्याला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रवास करावा लागतो. लॅपटॉपवर चपळ वाटणारे कट हॉलमध्ये धावपळ वाटतात, आणि लॅपटॉपवर रिकामा वाटलेला वाइड शॉट तिथे भरून जातो. मर्च मॉनिटरच्या खालच्या कडेला कागदाची छोटी माणसं कापून लावत असे, पडदा खरा केवढा असणार हे डोळ्यांसमोर राहावं म्हणून. करून बघा, पोरकट वाटतं पण हात लगेच सावरतो.

कोण कुठे आहे कळत नाही

याचं निदान सोपं. दोघे बोलतायत आणि दोघेही पडद्याच्या एकाच बाजूला बघतायत, म्हणजे कॅमेऱ्याने दोघांमधली काल्पनिक रेषा ओलांडली. मधे रेषेवरचा, म्हणजे थेट समोरून किंवा मागून घेतलेला शॉट असेल तर घाला; नसेल तर एखादी वस्तू, हात, खिडकी. तेही नसेल तर चित्र आडवं उलटवा, पण आधी मागे पाटी, शर्टवर अक्षरं, केसांचा भांग बघून घ्या. हे काहीच जमलं नाही तर सीनच्या सुरुवातीचा मास्टर, म्हणजे सगळे दिसतात तो मोठा शॉट, दोन सेकंद जास्त ठेवा. माणसं कुठे बसलीत हे एकदा पक्कं ठसलं की प्रेक्षक बरंच माफ करतो.

कट “दिसतात”

“कट खटकतात” असं म्हणणाऱ्याला दहापैकी सात वेळा ते ऐकू आलेले असतात. हा आकडा माझ्या अंदाजाचा, पण पैज लावायला मी तयार आहे. शॉट एकमध्ये पंख्याची घरघर, शॉट दोनमध्ये ती नाही, शॉट तीनमध्ये पुन्हा. डोळ्याला झटका बसला असं वाटतं, प्रत्यक्षात बसतो कानाला. सगळ्या सीनखाली त्या जागेचा शांत आवाज, रूम टोन, एकसलग अंथरा. शूटिंगला कुणालाही बोलू न देता मिनिटभर तो रेकॉर्ड केला असेल तर उत्तम. नसेल तर दोन वाक्यांमधल्या शांततेचे तुकडे जोडून बनवा. प्रत्येक आवाजाच्या सांध्यावर दोन-तीन फ्रेम्सचा क्रॉसफेड द्या, म्हणजे एक आवाज विरतो तसा दुसरा वर येतो. मग चित्र बघा. अर्धे कट आपोआप नाहीसे होतात.

पुढचं पाऊल म्हणजे चित्र आणि आवाज एकाच जागी कापायचं बंद करा. पुढच्या माणसाचा आवाज आधी येऊ द्या आणि चेहरा नंतर, म्हणजे जे-कट. किंवा बोलणाऱ्याचा आवाज चालू असतानाच ऐकणाऱ्यावर जा, म्हणजे एल-कट. याचा उपयोग फक्त गुळगुळीतपणासाठी आहे असं समजू नका. बातमी सांगणाऱ्यापेक्षा बातमी ऐकणाऱ्याच्या तोंडावर गोष्ट घडत असते. जेवणाच्या त्या सीनमध्ये “अभ्यास कसा चाललाय?” हे पूर्ण वाक्य शेवटी आम्ही मुलाच्या चेहऱ्यावर टाकलं, वडील दिसतच नाहीत.

इथेच एक फसवा बिघाड: ओठ आणि शब्द जुळत नाहीत, पण तुमच्याकडे बरोबर दिसतात. ब्लूटूथ हेडफोनवर एडिट केलंय का? तो आवाज उशिरा पोचवतो, तुम्ही तो सावरायला आवाजाचा ट्रॅक चित्राच्या आधी सरकवता, आणि हॉलमध्ये शब्द ओठांच्या आधी येतात. आधी आलेला आवाज उशिरा आलेल्यापेक्षा जास्त खटकतो, कारण निसर्गात तसं कधी होत नाही. लांबून घण पडताना दिसतो, मग ऐकू येतो. २४ च्या वेगाने एक फ्रेम म्हणजे साधारण ४२ मिलिसेकंद, आणि तेवढ्या वेळात आवाज जेमतेम १४ मीटर जातो. मोठ्या हॉलच्या मागच्या रांगेला एक-दोन फ्रेम्सचा उशीर मिळतोच. सिंक, म्हणजे ओठ आणि आवाजाचा मेळ, वायरच्या हेडफोनवरच तपासा.

संगीत आणि डिझॉल्व्ह नावाचं मलम

सगळे संगीताचे ट्रॅक बंद करून फिल्म एकदा बघा. जो सीन कोसळतो तो आधीच मोडलेला होता, संगीताने त्याला कुबडी दिली होती. दुरुस्ती सीनची करा. आणि दुसऱ्याच्या गाण्यावर एडिट बसवलात तर लय त्या गाण्याची होते. हक्क मिळाले नाहीत की गाणं जातं आणि हातात लुळे कट उरतात.

दोन सीन जुळत नाहीत म्हणून डिझॉल्व्ह, म्हणजे एक चित्र विरघळत दुसऱ्यात मिसळणं, टाकण्याचंही तसंच. १९६२ च्या ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’मध्ये फुंकलेल्या काडीवरून वाळवंटातल्या सूर्योदयावर जो प्रसिद्ध कट आहे, तो पटकथेत डिझॉल्व्ह होता. तेव्हा डिझॉल्व्ह लॅबमध्ये करून घ्यावा लागे, त्यामुळे कच्च्या प्रतीत दोन शॉट नुसते टोकाला टोक जोडलेले होते, वर पेन्सिलीची खूण. संकलक ॲन कोट्स आणि दिग्दर्शक डेव्हिड लीन यांनी ते तसं बघितलं आणि खूण बाजूलाच राहिली. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये डिझॉल्व्ह एका बटणावर येतो, म्हणून आधी तो काढून सरळ कट कसा दिसतो हे बघायची संधीच मिळत नाही. एका दुपारी सगळे काढा. त्यातले जे परत हवेसे वाटतील तेच घाला.

फिल्म संपली हे कळत नाही

शेवटची तक्रार: नावं सुरू झाली तरी लोक तसेच बसून, टाळ्या चुकतमाकत. दोन कारणं. एक, शेवट तीनदा झालाय. खरा शेवट होऊन गेला, त्यानंतर खिडकीबाहेर बघणं आहे, मग आकाश आहे. पहिला शेवट कोणता ते रेकॉर्डिंगमध्ये दिसतं: लोक पाठ टेकतात. तिथेच थांबा. दुसरं, शेवटचा शॉट आणि नावं यांच्यात श्वासच ठेवलेला नाही.

त्या जेवणाच्या फिल्मचा शेवट आम्ही असा केला. मुलगा पाकीट घेऊन उठतो, वडील ताटं गोळा करायला लागतात. चित्र तिथे काळं. ताटांचा आवाज चालू, काळ्या पडद्यावर पूर्ण ४८ फ्रेम्स, मग नळ सुरू होतो आणि बंद होतो. मग नाव. पहिल्यांदा दाखवली तेव्हा नळ बंद होईपर्यंत कुणी हललं नाही. तो विद्यार्थी मला म्हणाला, “ताई, नळ अजून चार फ्रेम्स आधी बंद करूया का?” मी म्हटलं, आज घरी जा, उद्या सकाळी ठरवू.